डोळ्यांसाठी सिझर नको, आई

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आई तू रडवेली झालीस आणि मी पण चिडून फोन ठेवला, सॉरी. बोलायला लागलो की आपण दोघी एकमेकींचं ऐकतच नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही वाचून दाखवा, आणि ती मध्येच "अगं पण" म्हणाली तरी थांबू नका.

तर तेच, माझा मायनस नऊचा नंबर. कळा देताना जोर लागतो, डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटेल, त्यापेक्षा सिझर करून मोकळी हो असं तुझं म्हणणं. तुझ्या वेळी नंबर बघून हेच सांगितलं होतं, तू ऐकलंस, त्यात तुझं काहीच चुकलं नाही. माझ्या आधीच्या डॉक्टरसुद्धा हेच म्हणाल्या, आणि ते पण नुसता चष्मा बघून! म्हणून मग रेटिनाच्या डॉक्टरांकडे गेले. ड्रॉप घालून डोळे मिटून बसवलं, मग डॉक्टरांनी डोक्याला दिवा लावला आणि एका बोथट काडीने पापणीवरून डोळा कडेकडेने दाबत वर बघ, खाली बघ, नाकाकडे बघ चाललं होतं. दुखत नाही, पण नकोसं होतं, आणि नंतर थोडा वेळ सगळं जांभळट दिसतं. उजव्या डोळ्यात कडेला पडदा पातळ झालाय, त्याला लॅटिस म्हणतात. भोक कुठेच नाही. असतं तर लेसरने भोवती पक्कं करतात, प्रेग्नन्सीतही चालतं ते.

तुझा प्रश्न मी जसाच्या तसा विचारला. पडदा सुटतो तो जोर लावल्याने नाही गं, डोळ्यात जेलीसारखं असतं ते आकसताना जिथे चिकटलंय तिथे पडद्याला ओढतं, भोक पडतं, त्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटतो. जोर लावला की डोळ्यातलं प्रेशर क्षणभर वाढतं हे खरं, पण ते सगळीकडून सारखंच वाढतं, ओढत काहीच नाही. जास्त नंबरच्या, लॅटिसवाल्या बायकांचे डोळे डिलिव्हरीच्या आधी आणि नंतर तपासून बघितलेत, नॉर्मलमुळे नवीन भोकं पडलेली दिसली नाहीत. फार तर जोराने एखादी बारीक रक्तवाहिनी फुटून डोळ्यापुढे डाग येतो, तो बहुतेक वेळा आपोआप जातो.

बाबा, डोळ्यांमुळे सिझर करावं लागतं असा तुम्ही पाठवलेला तो मेसेज अगदीच खोटा नाहीये, पण तो माझ्याबद्दल नाही. डायबेटिसने पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या आल्यात आणि लेसर झालेलं नाही, डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा काचबिंदू खूप पुढे गेलाय, अशा वेळी डोळ्यांचे आणि बाळंतपणाचे डॉक्टर मिळून ठरवतात. तिथेही दरवेळी सिझरच असं नाही, एपिड्युरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीतून देतात ते औषध) देऊन, शेवटी व्हॅक्यूमने बाळाला ओढून जोर कमी द्यावा लागेल असं बघता येतं.

माझ्या फाइलवर सरळ लिहून दिलंय, डोळ्यांच्या कारणासाठी सिझेरियनची गरज नाही. बाळ आडवं राहिलं, ठोके कमी झाले तर करतीलच, तेव्हा मी हट्ट धरणार नाहीये. पण सिझर म्हणजे पोट उघडायचं, टाके, पुढच्या वेळी त्या व्रणाची काळजी, हे चष्म्यापायी कशाला? अचानक डोळ्यात चमकलं, काळे ठिपके वाढले किंवा कडेने सावली आली तर त्याच दिवशी दाखवायचं, तेवढं मी बघेन. (चमकण्यासोबत डोकं दुखलं तर आधी बीपी तपासायचं.)

आणि आई, हे विचारायचं राहूनच जायचं. तुझा नंबर माझ्याहून जास्त, आणि डोळ्यापुढे डास फिरतात म्हणतेस ते गेल्या वर्षीपासून. तुझं सिझर झालं म्हणून तुझा पडदा जपला गेला असं नाही, तो धोका नंबरमुळे आहे आणि वयाबरोबर वाढतो. ड्रॉप घालून शेवटचं कधी तपासलंयस? याच आठवड्यात जाऊन ये. बाबांना सोबत ने, येताना तुला नीट दिसणार नाही.

तुमची,
मी