तक्रार: सिग्नल 'चांगला' दाखवत होता तरी फेलसेफ झाला

नमस्कार,

तुमचा 2.4 गिगाहर्ट्झचा रिसीव्हर चार महिने झाले माझ्या 5 इंची क्वाडवर (चार पंख्यांच्या ड्रोनवर) आहे. मागच्या रविवारी जेमतेम दोनशे मीटरवर, अगदी डोळ्यासमोर फेलसेफ झाला, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटला, मोटर बंद आणि क्वाड दगडासारखा खाली, एक आर्म तुटला. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे "आरएसएसआय (सिग्नलचा जोर) चांगला आहे म्हणजे लिंक ओके, उडवताना चूक झाली असेल." हे मला अजिबात मान्य नाही.

रेडिओमधला (हातातल्या रिमोटमधला) लॉग उघडून बघितला. शेवटच्या तीन सेकंदांत आरएसएसआय उणे 71 डीबीएम (सिग्नल मोजायचं एकक, शून्याच्या जितकं जवळ तितका जोर जास्त), जागचा हलला पण नाही, आणि एलक्यू (लिंकची गुणवत्ता, टक्क्यांत) मात्र 100, 74, 38 आणि मग थेट शून्य. 500 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 500 पॅकेट (माहितीचे तुकडे) पाठवताना, रिसीव्हर उणे 105 पर्यंत ऐकतो असं तुम्हीच छापलंय, म्हणजे 34 डीबी शिल्लक होते, अंतर दुप्पट झालं की 6 डीबी जातात, मग रेंज संपली कुठे? आरएसएसआय फक्त सिग्नल किती जोरात येतोय ते सांगतो, पाठवलेल्या पॅकेटपैकी किती धड पोचली ते एलक्यू सांगतो. गोंगाटात कोणी कानाशी ओरडलं तरी शब्द लागत नाहीत, तसंच झालं.

मग प्रॉप्स (पंखे) काढून टेबलावर तपासलं. रेडिओची पॉवर एकदम कमी केली आणि रेडिओ लांब ठेवला. क्वाडवरचा व्हिडिओ ट्रान्समीटर बंद असताना एलक्यू 100, चालू केला की साठीत. रिसीव्हरची अँटेना तिथून फक्त चार बोटं लांब नेऊन बांधली तर परत 99-100. आणि ती अँटेना व्हिडिओ ट्रान्समीटरला चिकटून मी मनाने नव्हती लावली, तुमच्या मॅन्युअलमधल्या चित्रात तशीच दाखवलीय! वर अलार्म पण डीफॉल्टला फक्त आरएसएसआयवर, त्यामुळे पडेपर्यंत एक बीप नाही.

तर ते चित्र आधी बदला. अलार्म एलक्यूवर द्या, आणि प्रत्येक पॅकेट रेटची सेन्सिटिव्हिटी (किती क्षीण सिग्नलपर्यंत ऐकू येतं ते) मॅन्युअलमध्ये छापा, कारण 50 हर्ट्झला जो उणे 100 निवांत असतो तोच 500 ला काठावर असतो, नवीन माणसाला हे कसं कळणार? आर्मचे पैसे मागत नाहीये, पण "तुमची चूक" हे उत्तर मागे घ्या.

लॉग आणि टेबलावरच्या टेस्टचा व्हिडिओ सोबत जोडलाय, लॉग बघून मगच उत्तर द्या.

तुमचा एक ग्राहक