एचआयव्हीचा संसर्ग होण्याआधीचे औषध मोफत द्या: केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी एचआयव्हीबाबत समुपदेशन करते. माझी मागणी अशी की, संसर्गाआधी घ्यायचे प्रतिबंधक औषध, म्हणजे प्रेप, देशातल्या प्रत्येक एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या सरकारी उपचार केंद्रात, मोफत मिळावे. सहा महिन्यांतून एकदा टोचायच्या लेनाकापाविर या प्रतिबंधक औषधाची तयारीही आत्ताच सुरू व्हावी.

हा विषाणू पेशीत शिरतो तो टप्प्याटप्प्याने. त्याच्या आवरणावरचे जीपी१२० हे प्रथिन आधी पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाला चिकटते. तेवढ्याने भागत नाही. मग ते आकार बदलून पेशीवरच्याच सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४ या दुसऱ्या प्रथिनाला धरते. त्यानंतर विषाणूचे जीपी४१ हे प्रथिन पेशीच्या पटलात रुतते आणि विषाणूचे व पेशीचे पटल एकजीव होतात. या टप्प्यांवर अडवणारी औषधे निघाली, २००३ मध्ये एन्फुव्हिर्टाइड, २००७ मध्ये मॅराव्हिरॉक. पण पहिले रोज दोनदा टोचावे लागते, आणि दुसरे देण्याआधी विषाणू कोणते प्रथिन वापरतो याची खास तपासणी करावी लागते. गावोगावी द्यायला ती उपयोगाची नाहीत.

उत्तर युरोपात शंभरात साधारण एकाच्या पेशींवर सीसीआर५ जन्मतःच नसते. बर्लिनमध्ये टिमोथी रे ब्राउन या एचआयव्हीबाधित रुग्णाला अशाच दात्याच्या मूळ पेशी मिळाल्या आणि ते एचआयव्हीमुक्त झाले. भारतीयांत हा जनुकीय बदल अत्यंत विरळा आहे आणि इथे पसरलेला एचआयव्हीचा सी उपप्रकार मुख्यतः सीसीआर५ च वापरतो. जन्मजात संरक्षणाची आशा आपल्याला नाही. म्हणून औषध हवे.

प्रेप म्हणून रोज घ्यायची टेनोफोविर-एमट्रिसिटाबिनची गोळी विषाणूला पेशीत शिरल्यावर स्वतःची प्रत काढू देत नाही. नियमित घेतली तर ती उत्तम काम करते. अडचण त्या 'नियमित'मध्येच आहे. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुणींवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. गोळ्या मिळालेल्यांपैकी बहुतेकींना त्या नेमाने घेता आल्या नाहीत आणि त्यांच्यात संसर्ग होत राहिले. लेनाकापाविर टोचलेल्या २,१३४ जणींत मात्र एकही संसर्ग झाला नाही. हे औषध विषाणूच्या आतल्या कवचालाच निकामी करते.

मला याचे नवल वाटले नाही. घरात गोळ्यांची बाटली सापडली की बाईला आधी प्रश्न विचारले जातात. तिला संसर्गाची भीती कुणापासून आहे, हे कुणी विचारत नाही. दवाखान्यात घेतलेले इंजेक्शन घरात कुणाला दिसत नाही.

लेनाकापाविर बनवण्याचा परवाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा कंपन्यांना मिळाला. त्यांत पुण्याची एमक्युअर आहे, हैदराबादची डॉ. रेड्डीज आणि हेटेरोही आहेत. २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला जेनेरिक देण्याची घोषणाही झाली आहे. इथल्या कारखान्यांतून ते आफ्रिकेत जाणार असेल, तर कामाठीपुऱ्यातल्या बाईलाही ते मिळायलाच हवे.

भारतासाठीची मंजुरी आणि नाकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) खरेदीचे वेळापत्रक जाहीर करावे. जोडीदारांपैकी एकालाच एचआयव्ही असलेली जोडपी, देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांना पहिल्या टप्प्यात घ्यावे. तोवर रोजच्या गोळ्या तरी प्रत्येक केंद्रात ठेवाव्यात आणि त्या घेणाऱ्यांचे नाव २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातल्या गोपनीयतेप्रमाणेच जपावे.

आपली,
एक समुपदेशक