मार्चअखेरीआधी राउटरमधली ही ओळ तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी बावीस वर्षं दांडिया बाजारात छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. मार्चअखेर आली की घरी बसून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची वेळ आम्हा सगळ्यांवरच येते, म्हणून हे पत्र.

मलाही तशी सोय एका तंत्रज्ञाने करून दिली होती. राउटरमध्ये ३३८९ हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं नंबर असलेलं दार, उघडून थेट माझ्या कॉम्प्युटरला जोडलं. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचा हा ठरलेला नंबर. दहा मिनिटांचं काम, आणि चार महिने छान चाललं. पण असं उघडं पोर्ट शोधणारे प्रोग्राम इंटरनेटवर रात्रंदिवस चालू असतात. सापडलं की पासवर्डमागून पासवर्ड लावून बघतात. गेल्या वर्षी फेब्रुवारीतल्या एका सोमवारी ऑफिस उघडलं तर चौदा दुकानांच्या फायलींना कुलूप, आणि फोल्डरमध्ये बिटकॉइन मागणारी चिठ्ठी. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच कॉम्प्युटरला लावलेली, तीही गेली. वाचला तो फक्त दिवाळीत चोपडापूजनाच्या ताटात ठेवलेला पेनड्राइव्ह. त्याच्या खाचेत अजून कुंकू होतं. त्यानंतरची सगळी बिलं मी एकतीस रात्री बसून पुन्हा चढवली.

तंत्रज्ञ म्हणाला, “नंबर बदलून देतो.” त्याने भागत नाही. शोधणारे सगळेच नंबर ठोकून बघतात.

मग भाच्याला हाताशी धरून मी स्वतः शिकले. आता ऑफिसच्या राउटरमध्ये एकही पोर्ट उघडं नाही. मुंबईतला एक छोटा लिनक्स सर्व्हर भाड्याने घेतलाय. ऑफिसचा कॉम्प्युटर आणि घरचा लॅपटॉप वायरगार्ड या व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या कुलूपबंद खाजगी वाटेने (तिलाच टनेल म्हणतात), त्याला स्वतःहून जोडलेले राहतात. ज्याच्याकडे चावी नाही त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. नव्या फायबर जोडणीत तर दुसरा मार्गही नव्हता. राउटरला मिळालेला इंटरनेटचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर बाहेरचा एकच पत्ता कंपनीने अनेक ग्राहकांत वाटलाय असं समजा. मग आपल्या राउटरमध्ये पोर्ट उघडून उपयोग नाही. जोडणी देताना हे कुणी सांगितलं नाही. नवव्या फोनला कळलं. कंपन्यांनी हे अर्जावरच छापायला हवं.

माझ्या दोन व्यापाऱ्यांना स्वतःची खाती दुकानातून बघायची असतात, पण त्यांच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन टाकता येत नाही. त्यांच्यासाठी सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे काय आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्यात, एकच वाट केली: ४४३ वर (ब्राउझरमधल्या सुरक्षित पानांचा ठरलेला नंबर) आलेलं टनेलमधून ऑफिसच्या १०.८.०.२ या पत्त्यावर पाठवायचं, बाकी सगळं बंद. नियम बरोबर लिहूनही दोन दिवस पान उघडेना. पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, ऑफिसपर्यंत यायचं, पण त्यावर पाठवणारा म्हणून दुकानाचा पत्ता. आमच्या वायरगार्डला मात्र टनेलमधून फक्त सर्व्हरचा पत्ता मान्य, म्हणून तो ते मुकाट्याने टाकून द्यायचा. टनेलवर मास्करेडचा नियम घातला, म्हणजे पॅकेटवर सर्व्हरचा स्वतःचा पत्ता चढू लागला, आणि पान उघडलं. याची एक किंमत आहे: ऑफिसच्या नोंदीत आता सगळेच सर्व्हरकडून आलेले दिसतात, कोण आलं ते कळत नाही. म्हणून कोणाला आत सोडायचं ते सर्व्हरवरच ठरवलंय. दोन्ही दुकानांचे पत्ते कायमचे आहेत, तेवढेच दोन चालतात.

हे सगळं प्रत्येकाने स्वतः करावं असं माझं म्हणणं नाही. पण जो करून देतो त्याला विचारा, की पोर्ट थेट उघडलंय की व्हीपीएनमधून? आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा.

परवा शेजारच्या कापडाच्या दुकानात राउटरचं पान उघडून पाहिलं. पोर्ट फॉरवर्डिंगच्या यादीत तीच ओळ, ३३८९. शेठना कधी, कुणी केलं हेही आठवेना. त्यांना विचारून ती ओळ मी तिथेच काढली. आपल्या वाचकांनी आज दुकान बंद करण्याआधी एवढी एक यादी उघडून बघावी, ही विनंती.

आपली,
एक हिशेबनीस,
दांडिया बाजार, बडोदे