नातवंडं येण्याआधी कपाट भिंतीला बांधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पुण्या-बंगळुरूची नातवंडं येतात. वर्षभर दोन वयस्क माणसांच्या सोयीनं लावलेलं घर एकाएकी दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या तावडीत सापडतं. मूल ट्रंकेवर चढतं, ट्रंकेवरून खिडकीत, आणि घरात कुजबुज सुरू होते की आईनं वळण लावलेलं नाही. वळणाचा इथे काही संबंध नाही. वर्षाच्या आगेमागे मुलाच्या हातापायांत चढण्याइतकं बळ येतं. पडलं तर काय होईल ही समज मात्र फार मागून येते. मधल्या काळात ते चढणारच. ओरडून थांबत नाही. उलट वर चढलेलं मूल आवाजानं दचकून मागे बघतं आणि नेमका तेव्हाच हात सुटतो. म्हणून रागावण्यातला वेळ वाचवून एक दुपार घरासाठी द्यावी, असं सुचवण्यासाठी हे पत्र.

पहिलं काम कपाटाचं. खण बंद असलेलं कपाट सहसा डगमगत नाही. पण मूल खालचा खण ओढून त्यावर पाय ठेवतं, मग वरचा ओढतं. दोन-तीन खण बाहेर आले की कपाटाचा भार पुढे सरकतो, त्यात मुलाचे दहा-अकरा किलो पडतात आणि कपाट थेट मुलावर येतं. अमेरिकेत २०२३ पासून कपड्यांच्या खणांच्या कपाटांना न उलटण्याची चाचणी कायद्यानं सक्तीची आहे. आपण निदान कपाट भिंतीला बांधायला दोन लोखंडी एल-पट्ट्या आणाव्यात. सोबत ८ मिलिमीटरचे प्लग (दुकानात गिट्टी म्हणून मागा), दोन इंची स्क्रू आणि कपाटाच्या बाजूसाठी रुंद वॉशरचे नटबोल्ट. लोखंडी कपाटाचा पत्रा पातळ असतो, नुसता स्क्रू ओढ बसताच पत्रा फाडून बाहेर येतो, वॉशर त्याचसाठी. पट्टी कपाटाच्या माथ्याजवळ लावायची, कमरेच्या उंचीवर नाही.

भिंतीत गडबड होते ती दोन कारणांनी. विटेच्या भिंतीवर गिलावाच अर्धा-पाऊण इंच असतो, त्यामुळे एक इंची स्क्रू फक्त गिलाव्यात बसतो आणि पहिल्या झटक्याला पापुद्र्यासकट निघतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरांत भिंत दगडाची. तिथे भोक दगडाच्या पोटात घ्यावं, सांध्यात नाही, कारण जुना चुना भुसभुशीत होऊन प्लग नुसता गरगर फिरतो. आपला वालुकाश्म थराथराचा असल्यानं दगडाच्या कडेपासून दोन-तीन इंच आत राहावं, नाहीतर कपचा उडतो. आधी ६ चं बिट, मग ८ चं. भोकातली भुकटी फुंकून काढल्याशिवाय प्लग ठोकू नये. झाल्यावर सगळे खण उघडून वरच्या खणावर हातानं जोर देऊन पाहा. भाड्याचं घर असेल तर चार भोकं पुट्टीनं बुजतात. घरमालकाशी तेवढं बोलता येतं. टेबलावर ठेवलेल्या टीव्हीलाही हाच न्याय. आणि कपाटावर बिस्किटांचा डबा ठेवायचा नाही, हे सांगायलाच नको.

गच्चीचा हिशेब लोक चुकीचा करतात. कठडा साडेतीन फुटांचा, म्हणजे १०७ सेंटिमीटर, आणि दीड वर्षाचं मूल ८० सेंटिमीटरच्या आसपास, तेव्हा काळजी नाही असं वाटतं. पण उंची जमिनीपासून मोजायची नसते, पाय ठेवायच्या शेवटच्या जागेपासून मोजायची. उन्हाळ्यात गच्चीवर झोपायला नेलेली बाज दीड फुटाची. ती कठड्याला टेकवली की कठडा उरतो ६० सेंटिमीटरचा, मुलाच्या डोक्याहून बराच खाली. या वयात डोकं शरीराच्या मानानं जड असतं. छाती कठड्यावर आली की मूल डोक्याकडूनच पलीकडे जातं. बाज, कुंड्या, उलटी बादली, सगळं कठड्यापासून चांगलं चार फूट आत. आडव्या गजांचं रेलिंग म्हणजे मुलासाठी तयार शिडीच. त्याला आतून पॉलिकार्बोनेटचा गुळगुळीत पत्रा लावावा. दोन इंच घरांची तारेची जाळी लावू नये, तिच्यात छोटा पाय छान बसतो. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी मुलाचं वजन पेलण्यासाठी नसते आणि आपल्या उन्हात ती लवकर कुजते. उभ्या गजांतली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी. नाहीतर धड पलीकडे आणि डोकं अडकलेलं, अशी अवस्था होते. दगडी फरशांच्या जिन्यात दोन पायऱ्यांमधल्या मोकळ्या जागेलाही हेच माप. जिन्याच्या वरच्या टोकाचं फाटक स्क्रूनं पक्कं केलेलं असावं. दाबून बसवायचं फाटक तिथे चालत नाही.

हे सगळं करूनही मूल चढेलच. त्यामुळे उतरणं शिकवा. चढताना पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही, म्हणून मूल कडेला बसून तोंड पुढे करून खाली सरकतं आणि कपाळावर आपटतं. सुरुवात फूटभर उंचीच्या दिवाणापासून करावी. मुलाला पोटावर पालथं करा, कमरेला धरून पाय कडेकडे वळवा, एक तळवा जमिनीला टेकेपर्यंत हळूच खाली सरकवा आणि सोडा. हात ओढू नका. पायानं जमीन शोधणं हाच धडा आहे. दर वेळी शब्द तेच: ‘पोटावर, पाय आधी.’ आजी एक म्हणते, बाबा दुसरंच, मग मुलाला काहीच कळत नाही. अनवाणी असू द्या, मोजे घातले की फरशीवर पाय सटकतो. आणि जिथे मूल स्वतः चढू शकत नाही तिथे त्याला उचलून बसवू नका. ओट्यावर बसवून भरवण्याची आपली हौस इथे महागात पडते, कारण ती उंची त्याची आहे असं आपणच त्याला शिकवतो.

चढायला हक्काची जागाही द्या. दोन गाद्या घडी करून, पुढे लोड, बाजूला पाट, एवढं पुरतं. कुठे भलतीकडे चढलं की हसायचं नाही, व्याख्यान नाही. उचलून गाद्यांवर आणायचं. सकाळी सातच्या आत फुलबागेत नेलं तर उत्तम. उन्हं चढल्यावर घसरगुंडीचा पत्रा चटका देतो.

दोन वर्षांखालचं मूल तीन फुटांहून उंचावरून पडलं तर ते लगेच खेळायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवावं. शुद्ध हरपणं, वारंवार उलटी, झटका, उठवूनही न उठणारी झोप, नाका-कानातून पाणी किंवा रक्त, यांपैकी काहीही दिसलं तर हळद लावत बसू नये, १०८ ला फोन करावा.

राहिला कूलर. लोखंडी स्टँडवरचा कूलर मुलाला पायऱ्यांसारखा वाटतो, आणि पत्र्याच्या ओल्या अंगात करंट उतरला तर काय होईल ते सांगायला नको. अर्थिंगची तार खरंच जोडलेली आहे का आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. खिडकीत कूलर बसवताना बरेच जण लोखंडी जाळीचा चौकोन काढतात आणि पावसाळ्यात कूलर माळ्यावर गेला की खिडकी तशीच उघडी राहते. डासांची जाळी मुलाला अडवत नाही. काढलेला तुकडा टाकून देऊ नका. त्याचे स्क्रू पिशवीत घालून त्यालाच बांधून ठेवा आणि कूलर उतरेल त्याच दिवशी परत बसवा.

आपल्या,
पाळणाघर चालवणाऱ्या दोघी,
लष्कर, ग्वाल्हेर