गाडीतल्या साउंड सिस्टीमचे नियोजन वायरपासून व्हावे

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला नवी गाडी दारात आली की हार-नारळ होताच पुढचा विषय निघतो तो म्युझिक सिस्टीमचा. कंपनीने दिलेले स्पीकर काढायचे, डिकीत अँप्लिफायर आणि सबवूफर (खालच्या स्वरांचा मोठा स्पीकर) बसवायचा, आणि हे सारे सकाळी गाडी सोडून संध्याकाळी परत न्यायच्या बोलीवर करून घ्यायचे, असा सर्वसाधारण बेत असतो. चांगले गाणे चांगल्या आवाजात ऐकावेसे वाटणे यात गैर काहीच नाही. पुण्याहून कोल्हापूरला किंवा नाशिकहून मुंबईला जाताना जे तास गाडीत जातात, ते संगीताच्या सोबतीने जावेत ही इच्छा मलाही पूर्ण मान्य आहे. माझी तक्रार आहे ती या कामाला कसलेही नियोजन नसते याबद्दल. इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे ओळखीतले लोक सल्ला विचारायला येतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न "किती वॉटचे घेऊ?" हाच असतो. वायर कोणती, ती कुठून जाणार आणि तिला फ्यूज कुठे बसणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

अलीकडेच एका परिचितांच्या हॅचबॅकचे बॉनेट उघडून पाहण्याचा प्रसंग आला. बॅटरीच्या धन टोकावरून करंगळीएवढी जाड लाल वायर थेट फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, केबिनमध्ये गेली होती. बॅटरीपाशी फ्यूज नव्हता. तो डिकीत, अँप्लिफायरच्या शेजारी बसवलेला होता. फायरवॉलला ड्रिलने पाडलेल्या भोकात रबरी ग्रोमेट (भोकाची धार झाकणारी कडी) नव्हते आणि पत्र्याच्या धारेशी वायरचे प्लॅस्टिक घासून पांढरट पडू लागले होते. टोकाशी थोडे आवरण सोलून पाहिले, तेव्हा तारा बाहेरून तांबूस आणि कापल्यावर आतून रुपेरी निघाल्या. म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम, आणि वायरच्या जाडीतला मोठा हिस्सा नुसत्या प्लॅस्टिकचा. ज्या दुकानात हे काम झाले त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण असे काम अनेक ठिकाणी सर्रास होते.

यातला धोका नीट समजून घेतला पाहिजे. फ्यूज असतो तो वायरच्या रक्षणासाठी. वायर फायरवॉलपाशी कापली जाऊन गाडीच्या सांगाड्याला टेकली, तर बॅटरी त्या ठिकाणी शेकडो अँपिअर ओतू शकते. आणि डिकीतला फ्यूज त्या वाटेवरच नसल्यामुळे तो शाबूत राहतो, जळते ती वायर आणि तिच्याभोवतीचा गालिचा. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीपासून वायरच्या लांबीने दीड फुटाच्या, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, हा या कामाचा पहिला नियम आहे. दुसरा असा की पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट असावे. शक्यतो नवे भोक न पाडता कंपनीच्या वायरिंगसाठी ठेवलेल्या रबरी बुचातूनच वायर न्यावी. या दोन गोष्टींना लागणारा खर्च सबवूफरच्या किमतीपुढे नगण्य असतो.

आता वॉटविषयी. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले १००० किंवा २००० वॉट हे क्षणिक कमाल आकडे असतात. सलग मिळणारी शक्ती पाहायची असेल तर आरएमएस आकडा वाचावा लागतो. डॅशबोर्डमधल्या स्टीरिओवर "४ × ५० वॉट" असे लिहिलेले असले, तरी साधे गणित केले की त्यातला फुगवटा दिसतो. गाडी चालू असताना मिळणाऱ्या १४.४ व्होल्टमधून आरएमएस विद्युतदाब फार तर १० व्होल्टच्या आसपास निघतो, आणि ४ ओहमच्या स्पीकरवर त्याची शक्ती होते २५ वॉट. प्रत्यक्षात ती १५ ते २० वॉटच भरते. त्यामुळे वेगळा अँप्लिफायर बसवण्याला खरोखर अर्थ आहे. पण शक्ती दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो आणि कानाला तो दुप्पट वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते, हेही ग्राहकाला कोणी तरी सांगायला हवे. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या, म्हणजे ठरावीक शक्तीला तेवढा आवाज देणाऱ्या, स्पीकरऐवजी ९१ डेसिबलचा निवडला, तर अँप्लिफायर दुप्पट मोठा घेण्याइतकाच फरक पडतो, आणि तोही बॅटरीवर एका अँपिअरचाही बोजा न टाकता.

बोजाचा हिशेबही ग्राहकाने स्वतः मांडून पाहावा. चार दारांसाठी ७५ वॉटप्रमाणे ३०० आणि सबवूफरसाठी ३००, असे ६०० वॉट आरएमएस धरले आणि डी वर्गाच्या (वीज कमी वाया घालवणाऱ्या) अँप्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्के मानली, तर १३.८ व्होल्टवर सुमारे ५४ अँपिअर लागतात. प्रत्यक्ष संगीतात सरासरी ओढ याच्या तिसऱ्या हिश्शाच्याही खाली राहते. पण वायर आणि फ्यूज ठरवायचे ते कमाल ओढीवर. बॅटरीपासून डिकीपर्यंतच्या पाच मीटर अंतरासाठी शुद्ध तांब्याची ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची वायर घेतली, तर त्या ओढीला वाटेत साधारण ०.२ व्होल्ट पडतात. ८ गेजची, म्हणजे त्याहून बारीक, तांब्याची वायर घेतली तर अर्ध्या व्होल्टहून जास्त, आणि त्याच मापाची मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची घेतली तर पाऊण व्होल्टच्याही पुढे. हा गमावलेला दाब उष्णता होऊन वायरमध्येच उरतो. शिवाय लहान गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) बहुधा ७० ते ९० अँपिअरचा असतो, आणि पावसाळी रात्री एसी, हेडलाइट, वायपर व मागच्या काचेचा हीटर एकदम चालू असताना त्यातले किती शिल्लक राहतात याचा विचार आधीच झालेला बरा. अर्थिंगची वायरही तितक्याच जाडीची, आखूड, आणि रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळलेली हवी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी जी किणकिण स्पीकरमधून ऐकू येते, तिचे मूळ बहुतेक वेळा सैल अर्थिंगमध्ये किंवा पॉवरच्या वायरीला चिकटून नेलेल्या आरसीए केबलमध्ये (स्टीरिओकडून अँप्लिफायरकडे सिग्नल नेणाऱ्या वायरीत) सापडते. पॉवर एका बाजूने आणि आरसीए दुसऱ्या बाजूने न्यायची, एवढे पथ्य पुरते.

पैसे कुठे घालावेत याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: आधी पुढच्या दोन दारांत. आपण ऐकतो ते संगीत डोळ्यांसमोर आणावे. डग्ग्याचा घुमारा, ढोलकीची थाप, पखवाज, खर्जात लागलेला गायकाचा आवाज, यांचा मोठा हिस्सा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्या वर असतो. सबवूफरकडे साधारणपणे ८० हर्ट्झच्या खालचे काम सोपवले जाते. म्हणजे भजन, नाट्यगीत, लावणी किंवा ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हवा असलेला भरदारपणा दारातल्या साडेसहा इंची स्पीकरनेच द्यायचा असतो. ते दार मात्र पातळ पत्र्याचे, पोकळ आणि भोकांनी भरलेले. स्पीकरच्या मागची लाट त्या भोकांतून पुढे येऊन पुढच्या लाटेला मारते आणि खालचा स्वर नाहीसा होतो. म्हणून डोअर पॅड (दाराचे आतले आवरण) काढून बाहेरच्या पत्र्यावर ब्युटाइल रबराच्या शीट चिकटवाव्यात, आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद करावीत आणि मगच स्पीकर बसवावा. साध्या स्पीकरलासुद्धा अशा दारात जो आवाज येतो, तो महागड्या स्पीकरला उघड्या पत्र्यात येत नाही. शीट घेताना डांबराची स्वस्त शीट घेऊ नये. विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या गाडीत तिचा वास सुटतो आणि ती पत्रा सोडू लागते.

हे काम करताना एक गोष्ट हमखास चुकते. काचेवरून आत उतरणारे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक निचरा-छिद्रे ठेवलेली असतात. उत्साहाच्या भरात तीच शीटखाली गेली, तर कोकणातल्या एकाच पावसाळ्यात दाराचा तळ गंजू लागतो. डोअर पॅडमागचा प्लॅस्टिकचा पडदाही फाडून फेकून देण्यासाठी नसतो. तो पुन्हा नीट चिकटवून बसवायचा किंवा त्याची जागा शीटने पूर्णपणे घ्यायची. स्पीकरखाली बसवायची रिंग साध्या एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) असेल तर ती ओल धरून फुगते. प्लॅस्टिकची घ्यावी, नाहीतर लाकडाला सर्व बाजूंनी वॉटरप्रूफ रंग द्यावा.

ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) वेगळा असलेला कंपोनंट संच घेतला तर आवाज कानाच्या उंचीवर येतो, गायक समोर बसल्यासारखा वाटतो, आणि म्हणून तो घ्यावाच असे मी सांगेन. मात्र पुढच्या काचेलगतच्या खांबात ड्रिल मारण्याआधी त्या गाडीला कर्टन एअरबॅग आहेत का हे तपासले पाहिजे, कारण त्या तिथूनच उघडतात. तसेच सीटखाली छोटा सबवूफर बसवताना पिवळ्या रंगाचे कपलर (वायरी जोडणारे प्लग) दिसले, तर त्यांना हात लावू नये. ते एअरबॅग आणि सीटबेल्टच्या यंत्रणेचे असतात. बॅटरीची ऋण वायर काढून ठेवल्याशिवाय या भागात काम सुरूच करू नये, असा आग्रह ग्राहकाने धरायला हरकत नाही.

आजच्या गाड्यांत टचस्क्रीन हा रिव्हर्स कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे आणि गाडीच्या संगणकाशी जोडलेला असतो. तो बदलण्याची घाई करू नये. मूळ स्क्रीन ठेवून त्याच्या स्पीकर वायरींतूनच सिग्नल घेणारा अँप्लिफायर किंवा डीएसपी (प्रत्येक स्पीकरचा सिग्नल हवा तसा जुळवणारे उपकरण) बसवता येतो, आणि गाडीच्या मॉडेलनुसार तयार मिळणारे कपलर वापरले तर कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही. वॉरंटीच्या दृष्टीने ही गोष्ट कळीची आहे. डीएसपीचा आणखी एक उपयोग असा, की चालकाच्या उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या अगदी जवळ आणि डावा दूर असतो. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. दोन्ही अंतरांत ४५ सेंटिमीटरचा फरक असेल, तर उजव्या स्पीकरला सुमारे १.३ मिलिसेकंद थांबवायचे, की गायकाचा आवाज डॅशबोर्डच्या मधोमध येऊन बसतो. ज्याने हा फरक एकदा ऐकला, तो पुन्हा वॉटच्या मागे लागत नाही.

सीएनजी गाड्यांची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. सिलिंडर डिकीत असताना तिथे अँप्लिफायर, उघडी जोडणी आणि ड्रिलिंग यांना जागा नसावी. गॅसची नळी तळाखालून कुठून जाते हे न पाहता स्क्रू मारणे तर अक्षम्यच. अशा गाडीत सीटखालचा छोटा सबवूफर आणि चांगली दारे यांवर समाधान मानावे. इतर गाड्यांत सबवूफरचे जड खोके नुसते ठेवून न देता पट्टीने बांधावे, आणि स्टेपनी निघते का हे दुकान सोडण्यापूर्वीच पाहावे.

शेवटचे काम असते ट्यूनिंगचे. अँप्लिफायरवरचा गेन असतो तो येणाऱ्या सिग्नलशी अँप्लिफायर जुळवण्यासाठी, पण तो आवाज मोठा करण्याचा खटका समजून तो टोकापर्यंत फिरवला जातो. मग सिग्नलची टोके छाटली जातात आणि ट्विटर जळतात. चार ओहमवर ७५ वॉट हवे असतील, तर चाचणीचा स्वर लावून, स्पीकर सोडवून, मल्टिमीटरवर १७.३ व्होल्ट दिसताच गेन तिथेच थांबवायचा असतो. मीटर न लावता गेन ठरवणारा कारागीर अंदाजाने काम करतो आहे, असे खुशाल समजावे. कानांचेही एक माप आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा मानली जाते आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला उरतात जेमतेम १५ मिनिटे. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. सोसायटीच्या आवारात काचा खाली करून सबवूफर वाजवणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. दारांना शीट लावल्यावर आवाज बाहेर कमी जातो, हाही त्या खर्चाचा एक फायदा.

या संदर्भात माझ्या दोन मागण्या आहेत. कार ॲक्सेसरीजच्या दुकानदारांनी आणि त्यांच्या संघटनांनी प्रत्येक कामासोबत एक लेखी कागद द्यावा, ज्यावर वायरचे गेज व धातू, मुख्य फ्यूजची क्षमता आणि बॅटरीपासूनचे अंतर, अर्थिंगचे ठिकाण आणि प्रत्येक चॅनेलचा गेन नोंदवलेला असेल. पुढे दुसऱ्या कारागिराला गाडी उघडावी लागली तरी तो कागद कामी येईल, आणि कंपनीच्या किमतीत नसलेल्या विद्युत उपकरणांची नोंद विमा पॉलिसीत आयएमटी २४ (अशा जादा उपकरणांच्या विम्याचे कलम) खाली करून घेतानाही बिलासोबत जोडता येईल. दुसरी मागणी आयटीआयमधल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या प्रशिक्षणाबाबत आहे. गाडीत नंतर बसवल्या जाणाऱ्या उपकरणांचे वायरिंग, फ्यूजची निवड आणि एअरबॅगच्या आसपासचे काम तिथे हाताने करवून घेतले जावे. कारण आज ही कामे करणारी मुले हुशार आणि कष्टाळू असूनही, त्यांना शिकवणारे बहुधा दुकानातले त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठे असलेले दुसरे मूलच असते. आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पुरवणीतून या फिटिंगबद्दल एखादा सविस्तर लेख सणांच्या आधी आला, तर अनेकांना गाडी दुकानात सोडण्यापूर्वी तो वाचता येईल.

कळावे.

आपला,
एक वाचक, सातारा