‘रिअलटाइम’ नको, ‘बिलो नॉर्मल’ करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई लागली की गणपती पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या दुकानात एकाच संगणकावर दोन कामं पडतात. मागे लग्नाच्या व्हिडिओचं रेंडरिंग (जोडलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं) आणि पुढे, शेजारी खुर्ची ओढून बसलेल्या गिऱ्हाइकाची पत्रिका. अक्षर टाइप केलं तरी उमटायला वेळ लागतो. अशा वेळी मोबाइलवर फिरणारा सल्ला कुणीतरी ऐकवतंच: टास्क मॅनेजरमध्ये (चालू प्रोग्रामांची यादी दाखवणाऱ्या खिडकीत) जाऊन प्रोग्रामची प्रायॉरिटी, म्हणजे प्रोसेसरकडचा त्याचा नंबर, ‘हाय’ (वरचा) नाहीतर ‘रिअलटाइम’ (सगळ्यांत वरचा) करा. हे पत्र त्या सल्ल्याविरुद्ध आहे.

रिअलटाइमवर टाकलेला प्रोग्राम प्रोसेसर अडवून बसला, तर माऊस-कीबोर्डसुद्धा ताटकळतात. मग तो बंद करणार कशाने? त्यापेक्षा ज्याला घाई नाही त्याला खाली उतरवावं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून ‘डिटेल्स’मध्ये जायचं, रेंडरिंगच्या प्रोग्रामवर राइट क्लिक करून ‘सेट प्रायॉरिटी’त ‘बिलो नॉर्मल’ (नेहमीपेक्षा खालचा) निवडायचं. मग प्रोसेसर आधी पत्रिकेकडे बघतो. आणि मुलाच्या मामांचं नाव कुठे घालायचं हे विचारायला गिऱ्हाइकाने घरी फोन लावला (लावतातच), की तेवढा वेळ तोच प्रोसेसर रेंडरिंगला मोकळा मिळतो. व्हिडिओ काही फार रखडत नाही.

भाच्याने जुन्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली टाकून दिलीय. तिथे हेच काम ‘नाइस’ आणि ‘रीनाइस’ या कमांडने होतं. आकडे उणे २० ते १९. आकडा जितका मोठा, तितका नंबर मागे. आपला प्रोग्राम मागे ढकलायला कुणाची परवानगी लागत नाही, पुढे घुसवायला मात्र सहसा रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) अधिकार लागतो. विंडोजमध्ये ‘हाय’ला अशी आडकाठी नाही, म्हणून तर हे सल्ले फोफावतात.

प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडला की प्रायॉरिटी परत मूळपदावर येते, तेवढं ध्यानात ठेवावं. आणि मेमरीच अपुरी असेल किंवा डिस्क १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर याचा उपयोग नाही. दुरुस्तीवाल्यांनी आधी टास्क मॅनेजरमधले मेमरी आणि डिस्कचे ते दोन रकाने बघावेत. बघत नाहीत, ‘नवीन मशीन घ्या’ हे उत्तर तयार असतं.

जिल्ह्यातल्या संगणक वर्गांनी फॉन्ट आणि रंग शिकवण्यातला एखादा तास टास्क मॅनेजरला द्यावा, आणि आपणही पुरवणीत त्याची सचित्र माहिती छापावी, ही विनंती.

– एक डीटीपी व्यावसायिक, गणपती पेठ, सांगली