तीन सप्तमांश कुठून आले?

चि. मनू,

काल तू झोपल्यावर तुझी गणिताची वही चाळली. २/३ + १/४ याचं उत्तर तू ३/७ लिहिलंयस आणि त्यावर लाल फुली आहे. फुलीचं राहू दे. उत्तर चुकलंय हे कुणी न सांगता तुझं तुला कसं कळेल, ते आधी सांगते. २/३ अर्ध्याहून जास्त आहे. ३/७ अर्ध्याहून कमी, कारण सातातले साडेतीन घेतले की अर्धं होतं. म्हणजे २/३ मध्ये तू भर घातलीस आणि संख्या घटली! असं कसं होईल? तू अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलास, ३/७ तिथून आले.

छेद सांगतो की एकाचे किती सारखे भाग केले, आणि अंश सांगतो की त्यातले किती घेतले. तिसरे भाग मोठे, चौथे भाग लहान. ते एकत्र मोजता येत नाहीत. पण परिमेय संख्या, म्हणजे अशी अंश-छेदात पूर्णांक घालून लिहिता येणारी संख्या, कितीतरी रूपांत लिहिता येते, आणि सगळी गंमत तिथेच आहे. २/३ म्हणजेच ४/६, म्हणजेच ८/१२. १/४ म्हणजे ३/१२. आता दोन्हीकडे बारावेच भाग आहेत. आठ आणि तीन, अकरा. उत्तर ११/१२. लसावि (दोन्ही छेदांनी भाग जाणारी सगळ्यात लहान संख्या) फक्त सगळ्यात लहान सोयीचा छेद शोधून देतो. तू २४ घेतले असतेस तर २२/२४ आलं असतं, तेही बरोबरच.

ऋण संख्यांनाही हेच लागू. -२/३ आणि -३/४ मध्ये लहान कोण? -८/१२ आणि -९/१२ असं लिही. संख्यारेषेवर -९/१२ आणखी डावीकडे, म्हणून -३/४ लहान.

गुणाकारात समच्छेद, म्हणजे दोन्हीकडे सारखा छेद, लागत नाही. अंशाला अंशाने, छेदाला छेदाने गुणायचं. भागाकाराचं मात्र 'उलटं करून गुणा' एवढंच तू पाठ केलंयस, ते मला खटकतं. ३/४ ÷ १/८ म्हणजे पाऊणमध्ये आठवे भाग किती बसतात? एकात आठ बसतात, मग पाऊणमध्ये आठाचे पाऊण, सहा. उलटं करणं ते यासाठी. ब्रह्मगुप्ताने हा नियम इ.स. ६२८ मध्येच लिहून ठेवलाय.

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १ ला ७ ने भागत जा आणि दर पायरीची बाकी बाजूला लिही: ३, २, ६, ४, ५, १. पुन्हा १ आला, म्हणजे सुरुवातीचाच भागाकार परत सुरू! म्हणून ०.१४२८५७ हेच सहा अंक फिरून फिरून येतात. ७ ने भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच उरू शकते, किंवा शून्य उरून भागाकार संपतो. तिसरी वाटच नाही. छेद कोणताही घे (शून्य सोडून), परिमेय संख्येचं दशांश रूप एक तर संपतं, नाही तर आवर्ती होतं, म्हणजे तेच अंक फिरून येत राहतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कितीतरी वेळ नुसती भागत बसले होते.

आज १/१३ करून बघ. बाक्या बारा असू शकतात, पण सहाव्याच पायरीला १ परत येतो. मग उरलेल्या सहा कुठे गेल्या? २/१३ करताना भेटतील. संध्याकाळी वही घेऊन ये, दोघी मिळून बघू.

तुझी,
आई